आठ वाजून चौदा मिनिटांनी

त्या घाटाला सगळे सायकलवाले 'सासूबाई' म्हणत. नाव कोणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ज्याने ठेवलं त्याचा संसार काही सुखाचा नसावा. नऊ किलोमीटर, सतरा वळणं, आणि दम खायला सपाटी म्हणून कुठे नाही. एके काळी व्यावसायिक स्पर्धकांची मोठी शर्यत इथून जायची. सात वर्षं गेली, मग शर्यतीमागे धावणाऱ्या गाड्यांना रस्ता अरुंद पडायला लागला आणि आयोजकांनी दुसरा डोंगर शोधला. मागे राहिल्या त्या प्रत्येक वळणावरच्या लोखंडी पाट्या. पाटीवर वळणाचा आकडा, आणि त्याखाली सगळ्यात वेगवान गड्याला तिथवर यायला लागलेला वेळ. ते लोक तेवीस मिनिटांत माथ्यावर पोचायचे. आता रविवारी जे येतात त्यांना पाऊण तासापासून सव्वा तासापर्यंत काहीही लागतं, आणि तरी ते त्या पाट्यांकडे असे बघतात की जणू यांचं थोडक्यात हुकलं.

त्या रविवारी सकाळी पायथ्याशी एक भाऊ आणि एक बहीण सायकली धरून उभे होते. भाऊ दातांचा डॉक्टर, वय एकोणपन्नास, अंगाने शिडशिडीत. बहीण त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, शहर बसच्या आगारात वेळापत्रकं बनवणारी. आयुष्यात तिने सायकल चालवली ती शाळेत असताना, आणि तीही गटारात पडेपर्यंतच. पण गेले तीन आठवडे काम सुटल्यावर ती आगाराच्या रिकाम्या पटांगणात बॅटरीची सायकल चालवायला शिकत होती. बसचे ड्रायव्हर कडेला उभे राहून सूचना द्यायचे. तीस फुटांची गाडी बोळातून काढणारी माणसं ती, दोन चाकांवर बसलेल्या ताईंना बघून घाबरायची. शेवटी जमलं. मग तिने भावाला फोन केला आणि म्हणाली, मला त्या घाटात घेऊन चल.

का, हे विचारायची गरज नव्हती. पाच महिन्यांपूर्वी अकराव्या वळणावर तिचा नवरा गेला होता. तिला ते ठिकाण बघायचं होतं, गाडीत बसून नाही, तो गेला तसं जायचं होतं. डॉक्टरने बरं म्हटलं. नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि खरं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं.

खरं कारण असं, की तिच्या नवऱ्याला जिवंत बघणारा शेवटचा माणूस हा होता. आणि तो त्याला कसा दिसला याबद्दल तो ताईशी साफ खोटं बोलला होता.

नवरा लिफ्ट तपासनीस होता. आठवडाभर उंच इमारतींत बटणं दाबून वर-खाली करायचा आणि रविवारी म्हणायचा, आता जरा स्वतःच्या पायांनी वर जातो. रविवारच्या टोळीत पाच जण. तपासनीस, डॉक्टर, एक बेकरीवाला, शाळेतल्या खेळाच्या बाई आणि एक निवृत्त पोस्टमन. टोळीचे नियम ठरलेले. सगळ्यात हळू त्याने सगळ्यात आधी निघायचं, सगळ्यात वेगवान त्याने शेवटी. चढावर कोणी कोणासाठी थांबायचं नाही. पुढच्याला मागे टाकताना 'वर भेटू' म्हणायचं आणि निघायचं. शर्यतवाले थोडेच थांबायचे, असं पोस्टमनचं म्हणणं, आणि पोस्टमनचं म्हणणं म्हणजे टोळीचा कायदा. माथ्यावर कॉफीची टपरी होती. तिथे पहिला पोचणारा पाचही कॉफ्या एकदम मागवायचा, म्हणजे शेवटच्याला थंडगार मिळायची. हा थंड कॉफीचा मान बहुतेक रविवारी तपासनिसाचाच असे. तोही ती मोठ्या ऐटीत प्यायचा.

त्या दिवशी तो साडेसातला निघाला. डॉक्टर पावणेआठला. डॉक्टरचे पाय त्या दिवशी असे चालत होते की त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. दहाव्या वळणावर त्याने हँडलवरच्या यंत्रात बघितलं, आपल्याच सर्वोत्तम वेळेच्या तो सत्तावीस सेकंद पुढे होता. चार वर्षं तो त्या वेळेच्या मागे लागला होता. अकराव्या वळणावर भाऊजी कठड्यावर बसलेले दिसले. हेल्मेट काढलेलं, तोंड राखेसारखं. ते म्हणाले, "थांब जरा. छातीत कसंतरी होतंय."

आता हेही सांगायला हवं, की भाऊजींना दर रविवारी काही ना काही होतच असे. कधी गुडघा, कधी पोट, कधी वारा उलटा. पण ते सगळं ते हसत सांगायचे, आणि त्या दिवशी हसत नव्हते. डॉक्टरने ते बघितलं. दातांचा का होईना, डॉक्टर होता. त्याने यंत्रात बघितलं. मग म्हणाला, "वर भेटू, भाऊजी," आणि गेला.

माथ्यावर तो चव्वेचाळीस मिनिटं अडतीस सेकंदांत पोचला. बेकरीवाल्याने पाठ थोपटली. बाईंनी विचारलं, लिफ्टवाले कुठवर आलेत, तेव्हा हा म्हणाला, येतायत. वीस मिनिटं सगळे कॉफी पीत बसले. मग बाई म्हणाल्या मी बघून येते, आणि खाली गेल्या. त्यांना तपासनीस अकराव्या वळणावर कठड्याच्या पायाशी पडलेला सापडला.

त्या सगळ्या गडबडीत डॉक्टरच्या खिशातल्या फोनने आपलं काम इमानेइतबारे केलं होतं. यंत्राने फेरी संपली असं धरून नोंद ॲपवर चढवून टाकली होती, आजवरची सर्वोत्तम वेळ म्हणून तिच्यावर छोटंसं सोनेरी पदक लावलं होतं, आणि हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत चौदा जणांनी अंगठे उंचावून शाबासकी दिली होती. ती नोंद डॉक्टरने आजतागायत पुसली नाही. पुसली तर कोणीतरी का पुसली विचारेल, अशी त्याला भीती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

हॉस्पिटलच्या बाकावर ताईने त्याचा हात धरून विचारलं होतं, तू पुढे गेलास तेव्हा तो कसा होता? याच्या तोंडून निघून गेलं, "मजेत होते. सायकल चालवत होते. माझ्याकडे बघून हसले." पुढचं सगळं त्या तीन वाक्यांनी केलं. भाचीने वर्तमानपत्रात निवेदन दिलं त्यात लिहिलं, बाबांनी हसतमुखाने निरोप घेतला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई तेच सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा जरा सैल पडायचा. दर गुरुवारी दवाखाना बंद करून हा तिच्याकडे जेवायला जायचा, आणि जेवण झालं की ती म्हणायची, परत सांग. हा परत सांगायचा. पाचव्या-सहाव्या गुरुवारपर्यंत त्या हसण्यात हात हलवणंही आलं होतं.

बाकी त्याचं सगळं ठीक चाललं होतं. हेच विचित्र होतं. सकाळी उठायचा, दवाखान्यात जायचा, लोकांचे जबडे बधिर करायचा, दाढा काढायचा, रूट कॅनल करायचा. हात कापत नव्हता. उलट दोन-तीन पेशंट म्हणाले, डॉक्टर, तुमचा हात अलीकडे फार हलका झालाय. जेवण जात होतं, चव लागत नव्हती. झोप लागत होती, उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नव्हतं. अंत्यविधीला त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही आणि लोक म्हणाले, किती खंबीर आहे. लोकांचं काय, माणूस रडला नाही की खंबीर आणि रडला की हळवा. बायको एकदा म्हणाली, तू घरात आहेस की नाहीस तेच कळत नाही. त्याने विचार केला आणि त्याला वाटलं, बरोबर बोलते ही. पण त्याचं वाईट काही वाटलं नाही.

तर आता हे दोघे घाटाला लागले. सायकलीला त्याने पाच महिन्यांत हात लावला नव्हता, त्यामुळे दुसऱ्याच वळणावर त्याचा भाता सुरू झाला. ताईची सायकल मात्र हलकीशी गुणगुण करत चालली होती. ती आरामात बसून डावी-उजवीकडे बघत होती, आणि घाटातला अख्ख्या टोळीचा बादशहा तिच्या शेजारी धापा टाकत होता. दुसरी वेळ असती तर या चित्रावर भाऊजींनी वर्षभर विनोद केले असते.

तिसऱ्या वळणावर तिने विचारलं, तुम्ही हे सगळे मजा म्हणून करता? तो म्हणाला, हो. कमाल आहे, असं ती म्हणाली. मग पटांगणातल्या ड्रायव्हरांचे किस्से सांगितले. एकाने तिच्यासाठी जमिनीवर खडूने आठाचा आकडा काढून दिला होता आणि त्यावरून चालवून दाखवा म्हणाला होता. सांगताना ती थोडी हसली. डॉक्टरने मान हलवली. त्याला बोलायला श्वास पुरत नव्हता, आणि ते बरंच होतं.

सांगून टाकायचं, असं त्याने आदल्या दिवशी ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे एखादं बिल भरायचं ठरवावं तसं, कोरडेपणाने. पाचव्या वळणावर सांगू. पाचवं आलं, तर तिथे दोन सायकलवाले उभे राहून पाटीसोबत फोटो काढत होते. सातव्यावर सांगू. सातव्यावर ताईला दरी दिसली आणि ती म्हणाली, केवढं छान आहे रे हे, मला कधी म्हणाला नाही तो. आता या वाक्यानंतर काय सांगणार. आठव्यावर त्याने तोंड उघडलंही, पण तिनेच विचारलं, त्या दिवशी तो किती वाजता निघाला होता?

"साडेसातला."

"आणि तू?"

"पावणेआठला."

ती नुसतं हं म्हणाली. हे तिला आधीपासून माहीत होतं, दहादा सांगून झालं होतं. तरी तिने विचारलं आणि याने सांगितलं. नववं गेलं, दहावं गेलं. दहाव्यानंतर रस्ता चांगलाच उभा होतो. याला पेडलवर उभं राहावं लागलं. पाय भरून आले होते, छाती धडधडत होती, आणि मनात काहीच नव्हतं. एखाद्या खोलीतलं सामान हलवून नेल्यावर जसं असतं तसं. त्याला वाटलं होतं, ते वळण समोर आलं की आपल्याला काहीतरी होईल. वळण आलं. काही झालं नाही.

अकराव्या वळणावर डाव्या हाताला गुडघ्याएवढा दगडी कठडा आहे, मध्ये पाटी, आणि कठड्यापलीकडे उतरणीवर सुकलेलं गवत. ताईने सायकल स्टँडवर लावली, हातमोजे काढून नीट खिशात ठेवले. डॉक्टरने आपली सायकल कठड्याला टेकवली. ती थोडा वेळ कठड्याकडे बघत राहिली, मग म्हणाली,

"कुठे बसला होता तो?"

डॉक्टर उत्तर द्यायला निघाला होता. बोट पाटीच्या अलीकडे वळलंही होतं. मग त्याला कळलं की ती काय म्हणाली. भाऊजी सापडले ते जमिनीवर पडलेले. ते बसले होते हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. बोट तसंच राहिलं.

ताईने जॅकेटच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. आगारातलाच, आडव्या-उभ्या रेघांचा. तिचं एकतीस वर्षांचं काम म्हणजे हेच. एका मार्गाच्या वेळा वरच्या ओळीत, दुसऱ्याच्या खालच्या ओळीत, आणि कुठली गाडी कुठल्या थांब्यावर कुठलीला ओलांडते ते बघायचं. एखाद्याला चेहरे ओळखता येतात तशी तिला वेळांची गाठ दिसायची. हॉस्पिटलने दिलेल्या पिशवीत नवऱ्याच्या हँडलवरचं यंत्र आणि हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा होता. चार महिने तिने पिशवी उघडली नव्हती. मग एक दिवस यंत्र आगारात नेलं, तिथल्या संगणकाला जोडलं, आणि त्या सकाळची नोंद छापून घेतली. भावाची नोंद शोधावी लागली नाही. ती ॲपवर सगळ्या जगाला दिसत होती, पदकासकट.

कागद तिने त्याच्या हातात दिला नाही. स्वतःच धरून वाचल्यासारखं बोलली. आवाज चढला नाही.

"आठ बाराला तो इथे थांबला. आठ चौदाला तू इथून गेलास. आठ एकतीसला पट्ट्याची नोंद संपते. तुझा वेग इथे कमी झालेला नाही."

खालून दोघे-तिघे सायकलवाले वर येत होते, त्यांच्या साखळ्यांचा आवाज येत होता. ते येऊन पुढे निघून जाईपर्यंत ती थांबली. त्यातल्या एकाने मान हलवून नमस्कार केला, तिनेही केला.

"पहिल्यांदा मला वाटलं, तुझी मान खाली असेल," ती म्हणाली. "चढावर असते, मी आज बघितली तुझी. तुला तो दिसलाच नसेल, आणि मग मला बरं वाटावं म्हणून तू ते हसण्याचं बोललास. हे मला चालेल, धाकट्या. हे मी आधीच धरून ठेवलंय. मग वाटलं, नाही, दिसला असेल. बसलेला असेल आणि बसल्या बसल्या हसला असेल. दमला की तो बसायचाच. तू चालवत होते म्हणालास, ते चुकून. पंधरा दिवस मी हे दोन्ही मांडतेय. मला बाकी काही नको. तेवढं एक सांग. हसला ना?"

एवढं बोलून ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला हो हवा होता. तो हो तिने स्वतः घडवून, घासूनपुसून, त्याच्या हाताशी आणून ठेवला होता. उचलायचा आणि द्यायचा. एक अक्षर. ती तो घेऊन घरी गेली असती, आणि गुरुवारी जेवायला वाढलं असतं, आणि बसल्या बसल्या हसला असं आता लोकांना सांगितलं असतं. ताईवर त्याचा जीव होता. आई कामावर असायची, तेव्हा याला न्हाऊमाखू घालणारी, पाढे पाठ करून घेणारी, याच्या मारामाऱ्या निस्तरणारी हीच होती. तिला दुखवायचं त्याच्या जिवावर येत होतं. आणि हो म्हणायचं म्हटलं तर तेही आता तोंडातून निघेना. त्याचं कारण फार मोठं होतं अशातला भाग नाही. त्याला फक्त त्या हसण्याचा वीट आला होता.

"नाही," तो म्हणाला.

ताईने कागद खाली घेतला.

"हसले नाहीत. तिथे बसले होते, पाटीच्या अलीकडे. हेल्मेट काढलेलं होतं. मला म्हणाले, थांब जरा, छातीत कसंतरी होतंय. मला ऐकू आलं. मला दिसत होतं ते बरे नाहीत. माझी वेळ चांगली चालली होती, ताई. मी वर भेटू म्हणालो आणि गेलो. वर बाईंनी विचारलं तेव्हा येतायत म्हणालो."

एका दमात सांगून झालं. सांगताना त्याच्या आवाजात काही नव्हतं, पेशंटला कुठली दाढ काढावी लागेल ते सांगावं तसा तो बोलला, आणि स्वतःचा तो आवाज ऐकून त्याची त्यालाच किळस आली.

ताई कठड्यावर बसली. पाटीच्या पलीकडे. कागदाची घडी घालायला लागली, ती नीट पडेना, परत उलगडून परत घातली.

"त्याने थांब म्हटलं," ती म्हणाली.

"हो."

"मी मान खाली असण्याची तयारी करून आले होते. याची नव्हती केली."

ऊन कठड्यावर आलं. मग डॉक्टरने तो प्रश्न विचारला, जो त्याने पाच महिने स्वतःलाही विचारला नव्हता. मी थांबलो असतो तर? फोन केला असता, गाडी आली असती, तर?

ताई दरीकडे बघत होती. "ते मी मांडलेलं नाही," ती म्हणाली.

आता जी बाई घरातल्या गॅसवर दूध उतू कधी जाईल याचाही हिशेब घड्याळात बघून करते, जिला लग्नाच्या पंगतीतही कुठला वाढपी कुठे खोळंबणार ते आधी दिसतं, तिने पंधरा दिवस दोन ओळी समोर ठेवून तिसरी ओळ मांडली नाही, यावर कोण विश्वास ठेवेल. खालच्या चौकातून ॲम्ब्युलन्सला इथवर यायला किती लागतं ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. डॉक्टरला कळलं की तिने मांडलंय. उत्तरही कळलं. आणि ती खोटं बोलतेय हेही कळलं, आणि कोणासाठी ते कळलं. तिथे त्याला पहिल्यांदा काहीतरी लागलं. अन्न लागावं तसं नाही, दगड लागावा तसं. तो खाली रस्त्यावरच बसला.

ताईने त्याला उठवलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या लेकीला सांग."

त्याने मान हलवली. म्हणाला, संध्याकाळी घरी येतो, तिला समोर बसवून सांगतो.

"आत्ता सांग. इथून. घरी गेलास की तुला काहीतरी काम निघेल. पेपरात तिने छापलंय ते. तिच्या बापाचं तेवढंच आहे तिच्याकडे. मी सांगणार नाही, माझ्याने होणार नाही ते."

डॉक्टरने फोन काढला. घामाने बोट उमटेना, जर्सीला पुसून परत लावलं. रेंज होती. ताई उठून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली, एखाद्या शिकाऊ माणसाकडून काम करून घ्यावं तशी. भाचीने दुसऱ्याच घंटीला उचललं. रविवारी सकाळी मामाचा फोन म्हटल्यावर ती घाबरली, आई ठीक आहे ना विचारलं. आई ठीक आहे, इथेच आहे, असं त्याने सांगितलं. मग बाकीचं सांगितलं. या वेळी ते एका दमात आलं नाही. मध्ये दोनदा त्याला थांबावं लागलं, आणि दोन्ही वेळा ताईने पुढचा शब्द दिला नाही, नुसती वाट बघितली.

सांगून झालं. पलीकडे काही आवाज नव्हता. फोन बंद झाला की काय असं वाटून त्याने पडद्याकडे बघितलं, सेकंद पुढे चालले होते.

"मामा," भाची शेवटी म्हणाली, "मग दर गुरुवारी तू आईला काय सांगत होतास?"

त्याच्या घशातून विचित्र आवाज यायला लागला होता आणि तो थांबवणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. ताईने फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेली. तिकडे तोंड करून ती लेकीशी बोलत राहिली. आवाज इतका हळू होता की त्याला शब्द ऐकू आले नाहीत. वर जाणारे सायकलवाले दोघांच्या मधून जात होते.

फोन परत देताना ती म्हणाली, "गुरुवारी येऊ नकोस."

"पुढच्या?"

"मी सांगेन तेव्हा ये. सांगितलं तर."

माथ्यावर जायचं राहिलं. ती सायकल वळवून उताराला लागली. उतरणं चढण्याहून अवघड असतं, आणि तिला ते पटांगणात कोणी शिकवलेलं नव्हतं. डॉक्टर तिच्या मागे वीसेक फुटांवर राहिला. वळणाच्या आधी ब्रेक दाब, वळणात नको, एवढं एकदा ओरडून सांगितलं. तिने मागे बघितलं नाही, पण पुढच्या वळणाच्या आधी ब्रेक दाबला. पोरं शिट्ट्या वाजवत दोघांना ओलांडून खाली गेली. या दोघांना पायथ्याशी पोचायला, चढताना लागला होता जवळजवळ तेवढाच वेळ लागला. एवढ्या वेळात डॉक्टरने यंत्राकडे एकदाही बघितलं नाही.

पायथ्याला तिची गाडी उभी होती. बॅटरीची सायकल वजनाला भलतीच जड असते, सकाळी आगारातल्या दोघा जणांनी मिळून ती आत चढवून दिली होती. तिने मागचं दार उघडलं. डॉक्टर आपली सायकल आडवी टाकून पुढे झाला आणि चाकाला हात घातला.

"राहू दे," ती म्हणाली.

त्याने हात काढला. ताईने आधी पुढचं चाक उचलून काठावर टेकवलं, मग खांदा लावून मागचं ढकललं. दोनदा सायकल परत खाली आली. तिसऱ्यांदा चढली.